भर दुपारची रात्र

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड पडदा आहे. आता माळ्यावर घडी होऊन पडलो आहे; पण एके काळी भर दुपारी रात्र करण्याचं काम माझ्याकडे होतं.

एका वैमानिकाच्या बायकोने मला मुद्दाम दुहेरी शिवून घेतलं आणि झोपायच्या खोलीत लावलं. रात्रभराचं विमान न्यायचं असलं की वैमानिक दुपारी मला ओढून घेई आणि घर चिडीचूप होई. कुकर लागत नसे, दारावरची बेल बंद. छोटी मुलगी तर बाहुलीलाही दटावायची, "हळू बोल, बाबांची रात्र आहे!" काय ते दिवस होते! तो म्हणे, "वर विमानात पाळीपाळीने डुलकी काढता येते, पण झोपेची शिदोरी घरूनच न्यावी लागते." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा नेमका अशाच रात्रीच्या विमानाच्या दिवशी त्याचा थोरला भाऊ बऱ्याच वर्षांनी घरी आला. गप्पांना ऊत आला. बायकोने दोनदा झोपेची आठवण करून दिली. "पडतो गं, पाच मिनिटांत," म्हणत त्याने दुपार घालवली. मी आपला खिडकीच्या कडेला चुण्या सांभाळत उभा. संध्याकाळी तो लाल डोळ्यांनी गणवेश चढवू लागला.

"अहो, झोप कुठे झालीये तुमची?" बायको म्हणाली.

"कॉफी घेईन. आजवर एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही मी. लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात मुलगी खुदकन हसली. "बाबा, गुंड्या वरखाली लागल्यात!"

त्याने त्या सोडल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा चुकल्या. तो मटकन पलंगावर बसला. मी तर जन्माचाच टांगलेला, पण त्या क्षणी माझा जीवही टांगणीला लागला.

शेवटी त्याने फोन उचलला. "माझी झोप झालेली नाही. आज मी विमान नेऊ शकत नाही, दुसऱ्या कुणाला बोलवा."

भाऊ दारात ओशाळून उभा होता. "माझ्यामुळे झालं रे."

"नाही दादा, चूक माझीच."

मग त्याने मला ओढलं. इतक्या मायेने मी कधीच कुणाला अंधार दिला नसेल.

पुढे तो निवृत्त झाला, खिडकीला झिरझिरीत पडदे आले आणि मी वर गेलो. तक्रार नाही, आठवण मात्र येते. मित्रांनो, तुमच्या शेजारीही कुणी रात्रीच्या कामासाठी दिवसा झोपत असेल. त्याला आळशी म्हणू नका, त्याचं दार वाजवू नका.

त्या रात्रीचं विमान दुसऱ्या वैमानिकाने नेलं. प्रवासी जेवले, झोपले, सकाळी उतरून आपापल्या घरी गेले. कुणाला काही कळलंच नाही.