खांदा कानाला लागतो तेव्हा

आमच्या काचेच्या दुकानात मागच्या भिंतीवर एक लाल रेघ आहे. फिजिओबाईंनी ती मोजून मारली आणि माझ्या वडिलांना बजावलं, "अप्पा, बोटांनी भिंत चढत उजवा हात इथवर न्यायचा. खांदा कानाकडे उचलला गेला तर ते धरायचं नाही. आणि हात नीट रेघेला लागेपर्यंत डोक्याच्या वर काच उचलायची नाही."

तीन महिने अप्पांनी सगळं केलं. वाकून, हात लोंबता सोडून गोल फिरवला. काखेत टॉवेलची घडी दाबून रबरी पट्टा ओढला. तोंडाचा पट्टा वेगळा चालूच. "तीस वर्षं काचा उचलल्या, आता टॉवेल सांभाळतोय!"

गेल्या आठवड्यात हात रेघेला लागला आणि त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं. खांदाही कानाला लागला होता, अंग एका बाजूला कललं होतं, ते मला दिसलं. मी बोलले नाही. घरी बसून माणूस एवढासा झाला होता, त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला. त्यांचा तो आनंद मला मोडवेना. चूक माझीच.

आज सकाळी औषधवाल्याच्या दारावरची काच बसवायची होती. दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून आम्ही वर चढलो. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये चादरीच्या घडीवर काच.

आमच्या कामात एक नियम आहे, अप्पांनीच शिकवलेला. काच हवेत असताना कुणीही "खाली" म्हटलं की दुसऱ्याने खाली घ्यायची. का म्हणून विचारायचं नाही, कारण तुमचं विचारून होईपर्यंत काच थांबत नाही. शिकवणाऱ्याने स्वतः मात्र तो शब्द कधी उच्चारला नव्हता. चार महिन्यांपूर्वी पकड सुटायला लागली तेव्हाही नाही. काच धरूनच राहिले, खांदा निखळला आणि काच माझ्या पायाशी फुटली. माझ्या घोट्यावर सात टाके आहेत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते आमच्या घरात चालतंबोलतं आहे.

"एक, दोन, उचल!"

छातीपर्यंत ठीक. हनुवटीपर्यंत ठीक. चौकट अजून वीतभर वर होती. मी काचेकडे न बघता त्यांचा खांदाच बघत होते. तो कानाकडे निघाला. मानेची शीर ताठ झाली. काचेची त्यांची बाजू थरथरली आणि ती थरथर माझ्या तळव्यांत आली.

"झालंच की, थोडंच राहिलंय!" खालून औषधवाला ओरडला.

मी "खाली" म्हटलं, तर परक्या माणसासमोर बापाला लेकीनं उतरवलं असं होणार. नाही म्हटलं, तर काच दोघांच्याही अंगावर. मी तोंड उघडलं. माझाच हात सुटतोय असं खोटं सांगणार होते.

"खाली," अप्पा म्हणाले.

आम्ही काच सावकाश चादरीवर टेकवली.

"अहो, काय झालं? दोन बोटं तर राहिली होती!"

"आमच्यात विचारत नाहीत," मी औषधवाल्यावर खेकसले. "दुपारी दुसरा माणूस घेऊन येते."

अप्पा फळीवरच बसले. घामाघूम झाले होते.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकी वर्षं का नाही बोललात?"

ते माझ्या घोट्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, आणि मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला.

दुपारी मी शेजारच्या सुताराला घेऊन काच बसवून आले. परतले तर अप्पा भिंतीसमोर उभे होते.

"खांद्यावर हात दाबून धर. वर उठू देऊ नकोस. मी कितीही बोंब मारली तरी."

मी धरला. बोटं चढू लागली आणि लाल रेघेच्या दोन विती खाली थांबली. तिथे मी पेन्सिलने खूण केली. अप्पांनी डाव्या हाताने तिच्याखाली वेडीवाकडी तारीख घातली आणि अजून अर्धं बोट वर सरकायला गेले.

"खाली," ते म्हणाले.

मी काही न विचारता त्यांचा हात धरून खाली आणला.