खडूची रेघ

"आता गाडी थरथरत नाही हो," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "काल मी स्वतः चालवून बघितली ना. द्या बघू किल्ली."

आमच्या ह्यांनी किल्ली काही दिली नाही. फडक्याला हात पुसत म्हणाले, "थरथरते. पुढून थरथरते. स्टिअरिंगवर हात ठेवला की कळतं."

"मला नाही कळलं."

"मला कळतं ना."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. पण गॅरेजातलं काउंटर माझं, गाड्या ह्यांच्या. बाईंची गाडी त्यांच्या मुलीपेक्षा जुनी, पण पाव पोचवायला तीच. आठवडाभर हे तिच्या मागे लागले होते. पुढची चाकं उतरवून बॅलन्स केली, टायर बदलून बघितले, स्टिअरिंगचे सांधे नवे घातले. दर वेळी एक चक्कर मारून आले की तोंड पाडून तेच, "अजून आहे." रात्री जेवतानासुद्धा तेच डोक्यात. एका थरथरीने या माणसाला एवढं छळलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बाईंना मी कसंबसं संध्याकाळपर्यंत थांबायला लावलं. त्या गेल्यावर ह्यांना म्हणाले, "चला, मीही येते. बघू तरी कुठलं भूत शिरलंय गाडीत."

गोदामांमागचा रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे. ह्यांची चाचणीची जागा तीच. काटा साठच्या पुढे गेला तसे हे म्हणाले, "बघ, आली."

मी सीटला पाठ टेकून बसले होते. मला काही म्हणता काही जाणवत नव्हतं. "कुठे काय? अहो, लोण्यासारखी चाललीय."

ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवर तसेच टेकलेले. आणि समोर गाडीच्या किल्लीला अडकवलेला बाईंच्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता, तो हलत होता. बारीक किणकिण चालली होती त्याची. गाडी उभी, इंजिन बंद, वाऱ्याची झुळूकही नाही.

हे त्या जुडग्याकडे बघत राहिले. मग उजवा हात उचलला. जुडगा थांबला. परत टेकवला. पुन्हा किणकिण. डावा उचलला, तरी किणकिण चालूच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ह्यांचं गॅरेजातलं सगळ्यांना सांगणं. गाडीवर करायचं ते हा माणूस आता स्वतःवर करून बघत होता, आणि तितक्याच शांतपणे. मला भीती वाटली. गेला महिनाभर चहा बशीत सांडतो म्हणून मी कटकट करत होते, ते एकदम आठवलं.

"सापडलं," हे म्हणाले. दर गाडीला म्हणतात तसंच. "हात कामात असला की ठीक असतो. नुसता टेकवला की हलतो. उजवाच."

"डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ की उद्या. आधी तू इकडे बस."

"मी कशाला?"

"माझ्या हाताचं आता काही खरं नाही. पण बाईंना किल्ली द्यायची तर गाडीत काही नाही, हे कळायला नको?"

आम्ही जागा बदलल्या. ह्यांनी बूट काढले, मोजे काढले, अनवाणी पावलं गाडीच्या तळाच्या पत्र्यावर टेकवली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले आणि डोळे मिटले.

मी गाडी पळवली. अर्धा रस्ता संपेपर्यंत हे तळवे पत्र्यावर दाबून होते. मग म्हणाले, "स्वच्छ आहे. बाई खरं बोलत होत्या." थोड्या वेळाने म्हणाले, "आता ब्रेक दाब. असा लाजत नको. जोरात."

मी दाबला.

"परत."

परत दाबला. तेव्हा माझ्याही पायाखाली काहीतरी ठकठकल्यासारखं झालं.

"चाकामागची ब्रेकची डिस्क वाकलीय. तुझ्या बाजूची."

"मग बाईंना इतके दिवस कसं नाही कळलं?"

"पावाचे ट्रे घसरतात म्हणून त्या ब्रेक कधी जोरात दाबतच नाहीत. पण एखादं पोर आडवं आलं तर दाबावा लागेलच ना."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी समजत होते, ह्यांची सगळी विद्या हातात आहे. हात गेला की सगळं गेलं, असं मघाशी त्या जुडग्यापाशी मनात येऊन मी मनातल्या मनात रडलेसुद्धा होते. आणि हा माणूस पायाच्या तळव्यांनी गाडी वाचत बसला होता.

"समोर बघ," हे डोळे न उघडताच म्हणाले.

गॅरेजात येऊन माझ्या बाजूचं पुढचं चाक उतरवलं. ह्यांच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा कायम असतो. त्या खिशाचा पांढरा डाग कितीही घासला तरी निघत नाही. फिरत्या डिस्कजवळ खडू स्थिर धरायचा. डिस्क जिथे बाहेर आलेली असेल, तेवढ्याच जागी घासते. हे आजवर त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

त्यांनी खडू काढला, बघितला आणि माझ्या हातात दिला.

"हात जॅकला टेकव. दाबू नकोस, नुसता जवळ ने. मी फिरवतो."

डिस्क फिरवताना हात अगदी शांत होता त्यांचा. मी श्वास रोखून खडू पुढे नेला. थांबवून बघितलं, तर घासून गुळगुळीत झालेल्या लोखंडावर एकाच बाजूला रेघ उमटली होती, वीतभर, बांगडीच्या तुकड्यासारखी. बाकी डिस्क कोरी.

हे वाकून रेघ बघत राहिले. "छान आलीय," म्हणाले.

मी खडू परत द्यायला हात पुढे केला. ह्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला.

"राहू दे तुझ्याकडेच. उद्या लागेल."