डोळ्यातल्या पाहुण्याचं कूळ

उसाचा पाला काढताना एक पात ह्यांच्या उजव्या डोळ्याला लागली. ह्यांनी काय करावं, तर तिथंच पाटाच्या पाण्यानं डोळा धुतला आणि पुन्हा सरीत शिरले. आठवड्यात बुबुळावर पांढरं फूल पडलं.

सांगलीत प्रियदर्शनी डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातलं जरासं खरवडून तपासलं. बुरशीसारखे धागे दिसले, म्हणून बुरशीवरचे थेंब दिले. मी नेमानं थेंब घालायची, घालताना देवाचं नाव घ्यायची. तरी फूल वाढतच गेलं. समईच्या वातीकडंही ह्यांना बघवेना. मी देवघराचं दार लोटून पूजा करू लागले.

"असंच पसरलं तर बुबूळ बदलावं लागेल, काका. आणि डोळा वाचेलच असं आज सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा थोडं खरवडून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथं म्हणे त्या जिवाची जनुकंच वाचतात.

"म्हंजी काय करत्यात?" ह्यांनी विचारलं.

"काका, सोयरीक जुळवताना नुसतं पोराचं तोंड बघून पोरगी देता का?"

"न्हाई. कूळ इचारतो."

"तेच. ह्याचं कूळ विचारायचंय."

घरी आल्यावर मी शुक्रवारच्या उपासाला सोमवार जोडला. हे खाटेवरून म्हणाले, "आगं, सगळं वार देवांस्नी वाटून टाक. माझ्या वाट्याला एखादा ठेव."

"तुमाला कुठं उपास हाय? भाकरी तर चढतीच खाताय की."

ह्यांना हसू आलं. हसताना डोळ्यात कळ गेली, तसा ह्यांनी डोळ्यावर तळवा धरला. मी थेंबांची बाटली घेऊन आले.

बाईंचा फोन आला तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. "मंगलकाकू, ती बुरशी नाहीच. दिसायला बुरशी, पण कूळ निराळं. पाटातल्या, साचलेल्या पाण्यात राहणारा जीव आहे. बुरशीचं औषध त्याला लागूच पडत नव्हतं. त्याचं औषध दुसरं आहे. आजच या."

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बहुरूपी निगाला की गं. आन आपण फौजदार समजून सलाम ठोकत बसलो."

नव्या थेंबांनी आधी कळ थांबली. मग फूल कडेकडेनं विरत गेलं. बरेच दिवस गेले त्यात, पण रोज जरा बरं वाटायचं.

परवा बाईंनी ह्यांचा चांगला डोळा झाकला. "काका, पाटी वाचा."

हे पाटी सोडून माझ्याकडंच वळले. बराच वेळ बघत राहिले. "आगं, कुकू वाकडं लावलंयस."

"एसटी गाठायची हुती," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "आहे खरं वाकडं. आता पाटी."

ह्यांनी वरच्या ओळी घडाघडा वाचल्या. शेवटच्या ओळीला अडखळले. मी देवाचं नाव घेतलं. बाईंनी हात बदलून दुसरा डोळा झाकला. "आता चांगल्या डोळ्यानं वाचा ती ओळ."

हे पुन्हा तिथंच अडले.

"दोन्ही डोळे सारखे झाले, काका," बाई हसत म्हणाल्या. "आता फक्त वयाचा चष्मा घ्या."

"म्हातारा केलासा व्हय मला," हे म्हणाले, आणि मी पदराआड हात जोडले.