सापळ्याची झाडं

नोतेच नदीकाठच्या त्या माळावर आईने पाइनचं वन लावलं, त्याला तीस वर्षं झाली होती. दर हिवाळ्याच्या अखेरीला त्यातली बारा झाडं आम्ही मुद्दाम आडवी पाडायचो. ती सापळ्याची. पडल्या खोडाच्या वासाने खोडकिडे येत, सालीखाली अंडी घालत, आणि उभी झाडं वाचत. पण जून लागताच ती साल सोलून जाळावी लागे. उशीर झाला, की सापळ्याचा पाळणा व्हायचा.

दिवस आई ठरवायची. सालीचा ढलपा उचलून खालच्या किड्याचा रंग बघत गुणगुणायची,
"पांढरं दिसलं, दम धर बाई;
पिवळं दिसलं, कर गं घाई;
तपकिरी दिसलं, उरलं नाही."

शेजारचे वालेंतीकाका चिडवायचे, "आपोलोनिया, किड्यांच्या कुंडल्या मांडतेस, एकदा माझीही मांड की!"

"तुमची कशाला? तुम्ही कुठं उडणार आहात!"

त्या जूनमध्ये, मंगळवारी सकाळी, पावाचं पीठ मळता मळता आई गेली. तिच्या बोटांचं पीठ मीच पुसलं.

शवपेटीखाली अंथरायला फांद्या हव्या होत्या. घरात प्रेत असताना आमच्याकडे लाकडाला पातं लावत नाहीत. मी हातानेच मोडल्या. येताना एका खोडाची साल उचलून पाहिली. किडा पिवळा.

"बाबा, आजच सोलायला हवं."

"वेडी का तू, ओतिल्का? जीव अजून घरातच घुटमळतोय तिचा. पात्याखाली आला म्हणजे?"

"पण किडे थांबायचे नाहीत."

"मग सांग त्यांना, घरात सुतक आहे म्हणून!" बाबा ओरडले, आणि लगेच त्यांचा आवाज खाली आला. "शुक्रवारी माती होऊ दे, पोरी. मग सोलू."

बुधवारी ऊन तापलं. गुरुवारी त्याहून.

शुक्रवारी दफनावरून आम्ही काळ्या कपड्यांतच वनात गेलो. खोडांवर छर्रे मारल्यासारखी भोकं पडली होती. बाबांनी साल ओढली. आत नुसते कोरीव रस्ते, चालणारं कुणी नाही. वर आईची झाडं हिरवीगार डुलत होती. महिन्याभरात त्यांचे कोवळे शेंडे, उडालेल्या किड्यांनी आतून पोखरलेले, खाली गळणार होते.

तरी बाबा सोलत राहिले. तिसऱ्या खोडाशी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती असती तर... तीही थांबलीच असती ना गं?"

आई थांबली नसती. पेटीत मी असते तरी आधी वनात जाऊन आली असती, आणि रडली मग असती.

"थांबली असती, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि चौथ्या रिकाम्या खोडाला पातं लावलं.