तेवीस निळे रेनकोट

खरं सांगतो, हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिली. वाटलं, लोक म्हणतील, बघा, बसला स्वतःची बाजू मांडायला. पण मित्रांनो, नुसती बाजू मांडायची असती तर सोपं होतं. माझं काही चुकलंच नव्हतं. तीच तर अडचण आहे.

मी एक जुना काउंटर आहे. माणसं मोजायचा. मुठीत मावतो. वर एक बटण, पुढे काचेआड चार आकडे, बाजूला एक छोटी कळ. बटण दाबलं की टिक, आकडा एकने पुढे. कळ फिरवली की सगळं शून्य. एवढंच येतं मला. मागे जाता येत नाही. एक वजा करायला सांगाल तर मी तुमच्या तोंडाकडे बघत बसेन.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एक बाई चिमट्याने स्प्रिंग बसवायची, तिच्या शेजारची दातेवाली चाकं. टेबलाच्या टोकाला एक तपासनीस काका बसायचे. ते प्रत्येकाला शंभर वेळा दाबून बघायचे. शंभर दिसले तर डबीत, नव्याण्णव दिसले तर टोपलीत. माझ्या आधीचा बिचारा टोपलीत गेला. मी डबीत.

तिथून मी आलो एका जंगलात. म्हणजे उद्यानात. पण तिथली झाडं इतकी उंच की शेंडा बघायला गेलं की डोक्यावरची टोपी पडते. वर्षभर पाऊस. दगडांवर शेवाळ, खोडांवर शेवाळ, न हलवलेल्या बाकावरसुद्धा शेवाळ. लोक बस भरून हे जंगल बघायला यायचे आणि त्यांना फिरवायला गाईड असायचा. माझा गाईड म्हणजे दादा. सगळे त्याला दादाच म्हणायचे, त्याच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा.

दादाने मला एका काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातलं. त्याच दोरीत एक पितळी शिट्टी आधीच होती. ती माझी मैत्रीण झाली. चालताना आम्ही एकमेकांवर आपटायचो, तोच आमचा बोलण्याचा वेळ. ती बडबडी, मी मोजका.

अकरा वर्षं दादाने मला वापरलं. फाटकाशी मोजायचं, झुलत्या पुलावर मोजायचं, परत येताना पुलावर पुन्हा मोजायचं. पुलावर मोजणं सगळ्यात सोपं, कारण तो इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस येतो. दादा पुलाच्या टोकाशी उभा राहायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येकामागे टिक. आकडा जुळला की मला दोन बोटांनी थोपटायचा. म्हणायचा, "आमचे मास्तर आहेत हे. हजेरी कधी चुकत नाही यांची." मला ते फार आवडायचं. अकरा वर्षांत एकही माणूस मागे राहिलं नव्हतं. मला वाटायचं, ते माझ्यामुळे.

आता त्या दिवसाचं सांगतो.

त्या दिवशी गटात तेवीस जण होते. त्यात एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या बारा नर्स. त्यांच्या म्होरक्या मोठ्या सिस्टर. त्या आल्या आल्या दादाला म्हणाल्या, "तुझे ओठ सुकलेले दिसतायत. पाणी कमी पितोस तू." दादा म्हणाला, "सिस्टर, इथे सगळं पाणीच आहे हो." "बाहेर आहे. पोटात नाही." सगळ्या हसल्या.

बाकीच्यांत एक बाई होत्या, त्यांचा नवरा होता आणि त्यांचे मामा होते. मामा पंचाहत्तरीचे, किडकिडीत. त्यांनी जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केलेले. मामी गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हते, म्हणून भाचीने हट्टाने आणलं होतं. ते दादाला म्हणाले, "बघू जरा तो." मला हातात घेतलं, कानाशी धरून दाबलं, अंगठ्याच्या नखाने कडेची माती काढली. "स्प्रिंग ताठ आहे अजून. पण पुसून ठेवत जा रे बाबा, दमट हवेने आतून गंजेल हा." मित्रांनो, अकरा वर्षांत मला हातात घेऊन माझ्याकडे कुणी बघितलं असेल तर ते मामा.

मग पाऊस भुरभुरायला लागला. मामांनी कानातलं ऐकायचं मशीन काढलं, पिशवीत गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. भिजलं तर बिघडेल म्हणून. उद्यानाचे रेनकोट सगळ्यांना वाटले. सगळे एकसारखे, निळे, डोक्यावर टोपरं. तेवीस माणसं होती, त्यांचे तेवीस निळे रेनकोट झाले.

जाताना पुलावर तेवीस. बरोबर.

धबधबा बघितला, फोटो झाले, एका सिस्टरच्या पायाला जळू चिकटली, तीही मोठ्या सिस्टरांनी काढली. परत निघाले तेव्हा आभाळ काळं झालं होतं. दादा घाई करत होता, कारण वर जोराचा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी पुलाला लागतं. पुलाच्या खांबावर एक लाल पट्टी आहे. पाणी पट्टीला लागलं की पूल बंद, असा नियम.

पुलावर चढायच्या आधी, धबधब्याच्या बाजूलाच, मामांनी भाचीच्या नवऱ्याच्या दंडाला हात लावला. हळूच म्हणाले, "जरा आलोच. थांब इथे." त्यांना लघवीला जायचं होतं. आता बारा नर्स उभ्या असताना एक म्हातारा माणूस कुठल्या तोंडाने जवळच्या झाडामागे जाईल? ते लांब गेले, पार वळणापलीकडे. नवरा कॅमेऱ्यात बघत होता. "हो हो मामा," म्हणाला. हे त्याने ऐकलं, पण त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

दादा पूल ओलांडून बसच्या बाजूला उभा राहिला. एकेक टोपरं उतरायला लागलं. टिक. टिक. मध्येच एका सिस्टरची चप्पल शेवटच्या दोन फळ्यांमध्ये अडकली. दादा वाकून ती ओढत होता, पण अंगठा माझ्यावरच होता, आणि नजर पायांवर. तेवढ्यात भाचीचा नवरा उतरला. टिक. उतरला, आणि त्याला वाटलं, मागून सगळ्यांचा फोटो छान येईल. मागची माणसं अजून पुलावर चढायची होती, तो परत फिरला, मोकळ्या पुलावर अर्ध्यापर्यंत गेला, फोटो काढला, पुन्हा आला. पुन्हा निळा रेनकोट. पुन्हा टिक.

मी ओरडलो असतो. मला तोंड नाही. अडकून बसलो असतो, तर तेही जमत नाही, मला न अडकायलाच बनवलंय. शिट्टी माझ्यावर आपटली, म्हणाली, "अरे, हा तर आत्ता गेला ना?" मी म्हटलं, "गेला." बस. आम्ही दोघं दोरीत लटकत होतो.

शेवटचं टोपरं उतरलं. दादाने मला बघितलं. तेवीस. मला थोपटलं आणि म्हणाला, "चला."

मित्रांनो, ते थोपटणं मला अजून आठवतं.

पार्किंगपर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. भाचीला वाटलं, मामा पुढे सिस्टरांबरोबर गप्पा मारत असतील. नवऱ्याला वाटलं, मामा बायकोबरोबर असतील. बसपाशी आल्यावर ती म्हणाली, "मामा कुठायत?"

"असतील की. शौचालयात बघा," दादा म्हणाला.

"नाहीयेत."

"मग दुकानात. म्हातारी माणसं शोभेच्या वस्तू बघत बसतात."

"दुकानात पण नाहीयेत. दादा, ते पलीकडेच राहिले असतील का?"

दादाने मला वर धरलं. तिच्या डोळ्यांसमोर. "हे बघा ताई. तेवीस. सगळे पुलावरून आले. मामा इकडेच कुठेतरी आहेत."

आणि तिने मान डोलावली. आकड्यापुढे काय बोलणार माणूस?

चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं सगळे अलीकडेच शोधत राहिले. बसच्या खाली, तिकीटघराच्या मागे, रोपांच्या नर्सरीत, अगदी ड्रायव्हरने डिकीसुद्धा उघडून बघितली. पलीकडे कुणीच गेलं नाही, कारण मी तेवीस दाखवत होतो. मी त्यांना अडवून धरलं होतं मित्रांनो. हात नसताना.

शेवटी मोठ्या सिस्टर बसच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी टोपरी काढा. आणि एका ओळीत उभे राहा. हो, तू पण कॅमेरेवाल्या." मग प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत त्या मोजत गेल्या, पेशंट मोजतात तसं, शेवटी स्वतःला धरून. बावीस.

दोनदा मोजलं. बावीस.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "मी पुलावर परत गेलो होतो," तो म्हणाला. "फोटोसाठी. आणि मामा मला म्हणाले होते... थांब म्हणाले होते."

दादा पळाला. पावसात, चिखलात, दोन वेळा पडला. पुलाशी पोचलो तर पाणी लाल पट्टीच्या वर गेलं होतं. त्याने शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. ती जीव खाऊन वाजत होती, मी तिच्या शेजारी थरथरत होतो. पलीकडून काही नाही. आणि मला एकट्याला माहीत होतं की तो आवाज ऐकायचं मशीन मामांच्या खिशात आहे. मला आणि तिला.

दादाने वायरलेसवरून रक्षकांना बोलावलं आणि त्यांची वाट न बघता पूल ओलांडला. फळ्यांवरून पाणी वाहत होतं.

मामा वळणापलीकडे सापडले. एका झाडाच्या फळ्यांसारख्या उभ्या मुळांमध्ये अंग चोरून बसले होते. पाय घसरून घोटा मोडला होता. ओरडून ओरडून आवाज गेला होता. ओठ निळे, रेनकोटसारखे. दादाला बघितल्यावर त्यांनी आधी डोक्यावरचं टोपरं सारखं केलं. मग त्या बसक्या आवाजात विचारलं, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला का हो?"

दादा तिथेच चिखलात बसला.

रक्षक दोर घेऊन आले आणि अंधार पडायच्या आत मामांना अलीकडे आणलं. मामा तीन आठवडे दवाखान्यात होते, आधी तापाने, मग घोट्याने. वाचले. पण भाचीने उद्यानाच्या साहेबांना पत्र लिहिलं, त्यात होतं की आता ते जिना उतरत नाहीत, आणि उतरा म्हटलं तर म्हणतात, "नको, तुम्हाला मोजावं लागेल मला."

त्या पत्रावरून चौकशी झाली. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला दादा, मध्ये मी. साहेबांनी विचारलं, "कसं झालं हे?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "काउंटर जुना झालाय साहेब. एकदा दाबला की कधीकधी दोनदा पडतो."

साहेबांनी मला उचललं. कळ फिरवली, शून्य केलं आणि दाबायला लागले. तोंडाने मोजत. एक, दोन, तीन. दादाची नजर माझ्यावर. त्याच्या घरी दोन मुली शिकत होत्या, हे मला माहीत होतं. मी जीव तोडून प्रयत्न केला. एकदा तरी चुकावं. एकदा दोन आकडे उडावेत. चौदा, पंधरा. नाही जमलं. वीस दाबल्यावर वीसच दिसले.

"हा तर बरोबर आहे," साहेब म्हणाले.

दादाने माझ्यावरची नजर उचलून साहेबांकडे बघितलं. म्हणाला, "हो साहेब. तो बरोबरच आहे. मी रेनकोट मोजले. माणसं नाही बघितली."

दादाला तिकीटखिडकीवर बसवलं. जंगलात नाही गेला तो पुन्हा. आम्हाला, म्हणजे मला आणि शिट्टीला, दोरीसकट एका खणात टाकलं. तिथे जुन्या पावत्या, तुटलेली छत्री आणि आम्ही. दमट हवेने माझ्या कळेवर गंज चढला. शिट्टीच्या पितळेवर हिरवा थर आला. ती बोलायची बंद झाली. तिला वाटतं, ती कमी जोरात वाजली.

परवा खण उघडला. नवीन गाईड आलीय, एक ताई. तिने आम्हाला बाहेर काढलं, गंज पुसला आणि गळ्यात घातलं. उद्या शाळेची सहल आहे, पंचेचाळीस मुलं. म्हणून मित्रांनो, तुम्हालाच सांगतो. उद्या तुमच्यातलं कुणी असेल त्यात. माझ्यावर विसंबू नका. पुलावर मागे वळून बघा, तुमच्याबरोबरचा मागे आहे का. टोपराखालचा चेहरा बघा. आणि कुणी दंडाला हात लावून "जरा आलोच, थांब" म्हटलं, तर थांबा. तेवढं मला करता येत नाही, तुम्हाला येतं.

आज रात्री ताईने आम्हाला खिळ्याला अडकवलं तेव्हा शिट्टी कितीतरी महिन्यांनी बोलली. "मला भीती वाटते रे," म्हणाली. मी तिला खोटं सांगू शकलो नाही, की सगळं ठीक होईल. पण एक शब्द दिला. म्हटलं, "तू त्या दिवशी कमी वाजली नव्हतीस. मी तिथेच होतो. आणि उद्या आकडा जुळला, ताईने मला थोपटलं, तरी मी निर्धास्त होणार नाही. शेवटचं मूल बसमध्ये बसलेलं आपण दोघांनी बघेपर्यंत नाही."