राखेचा मोजा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना सुती मोजा आहे आणि माझ्या पोटात राख आहे. माझा जोडीदार टाचेत फाटला, तेव्हा हिस्कियामामांनी माझ्यात चुलीतली चाळलेली राख भरली आणि गळ्याशी गाठ मारली. नामिबियाच्या या कोरड्या डोंगरांत ते काळ्या गेंड्यांवर लक्ष ठेवतात.

काळ्या गेंड्याला दिसतं कमी, पण त्याचं नाक फार तिखट. म्हणून जवळ जाण्याआधी मामा मला झटकायचे. राख आमच्याकडे उडाली तरच पुढे जायचं, गेंड्याकडे उडाली तर मागे फिरायचं. बारा वर्षं मी एकदाही चुकलो नाही.

"मामा, याला एकदा धुवा तरी. गेंडा याच्याच वासानं पळेल!" त्यांच्याबरोबर गस्त घालणारी तरुण फिलिपिना चिडवायची.

"याला नावं ठेवू नकोस. तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो," मामा म्हणायचे. मी फुगून जायचो.

दुष्काळात मारिया नावाच्या गेंडीला पिल्लू झालं, चार वर्षांतलं पहिलंच. ते धड आहे का, एवढंच लांबून बघायचं होतं. त्या सकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि पिशवीला बाहेर लटकलेला मी चिंब भिजलो. मामांनी झटकलं, तर चिमूटभर राख सरळ खाली पडली.

"वाराच नाही. चल."

"मामा, राख ओली आहे. ऊन येईपर्यंत थांबू या ना."

"अगं, बारा वर्षं हाच सांगतोय मला!"

वारा होता, आणि तो मारियाकडेच जात होता. मला कळत होतं. तरी खरं सांगतो, ती स्तुती ऐकून मला तेव्हाही बरंच वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

मारिया फुरफुरली आणि डोंगर चढून पळत सुटली. काळ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या मागून धावतं, त्यामुळे ते मागे राहिलं तरी तिला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या शेणाच्या ठरलेल्या जागी फक्त मोठे ठसे होते. छोटे ठसे उतारावरच थांबले होते आणि त्यांच्याभोवती तरसांचे ठसे होते.

"टाकून दे हा मोजा," मामा म्हणाले.

"त्याला कशाला? तो भिजला होता, मामा. आपण तर कोरडे होतो ना?"

मामांनी मला पिशवीवरून सोडवलं आणि तिच्या हातात दिलं.

आता मी झाकणाच्या डब्यात असतो. मला फिलिपिना झटकते, आणि ती थांब म्हणाली की मामा थांबतात. मित्रांनो, रानात तुम्हाला जराशी शंका आली तर प्राणी न बघताच परत फिरा. मारियाचे ठसे अजून सापडतात. मामा दर वेळी वाकून त्यांच्या मागची माती बघतात.