मायनस दोन अँपिअर

"अगं रूझित्सा, पुरे! घसरून मरेल ना कुणीतरी!" ल्युबिन्का पुढे चालता चालता ओरडली.

"मागे बघू नकोस! सरळ चालत राहा," मी म्हटलं आणि बाटलीतलं उरलंसुरलं पाणी तिच्या पाठीमागे फरशीवर ओतलं.

परीक्षेला निघालेल्या माणसामागे पाणी ओतलं की काम पाण्यासारखं सुरळीत वाहतं, असं सर्बियातल्या आमच्या निश शहरात सगळेच मानतात. याआधी पाच वेळा मी घोटभरच ओतलं होतं आणि पाचही वेळा बाई नापास. म्हणून या खेपेला अख्खी बाटली.

ल्युबिन्का आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये सव्वीस वर्षं मदतनीस आहे. मी कारकून, विद्यार्थ्यांच्या खिडकीवर बसते. पोरांना सर्किट जोडून देणं, जळलेले फ्यूज बदलणं, वर त्यांच्या शिव्या खाणं, हे तिचं काम. नोकरी सांभाळून तिने दोन वर्षांचा डिप्लोमा धरला आणि सगळे विषय काढले. राहिला तो एकच, आणि तोही पहिल्या वर्षाचा, सर्किटचा! आज त्या जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा होती. उद्यापासून त्या यादीतली नावं कायमची कटणार होती. कापणार कोण, तर मीच. माझ्याच हाताने तिचं नाव काढायचं या विचाराने मला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

तिचा नवरा झ्वोन्को म्हणायचा, "पन्नाशीत डिप्लोमा घेऊन काय करणार? नाश्त्याचं बुरेक गुंडाळणार त्यात?" मेल्याला स्वतःला घरातला बल्ब बदलता येत नाही.

बरं, बाईला येत नव्हतं असं नाही. खोड हाताची होती. लॅबमध्ये मीटरचा काटा उलटा गेला की ही झटकन दोन वायरींची अदलाबदल करते; सव्वीस वर्षांची सवय. कागदावरही उत्तर मायनस आलं की हिचा हात तसाच जायचा. गणित अर्ध्यात असताना आकृतीतला बाण पुसून उलटा करायची. मग अर्धी समीकरणं एका बाणाची, अर्धी दुसऱ्या बाणाची, आणि सगळ्याची खिचडी. महिनाभर दुपारी मी पट्टी घेऊन तिच्यासमोर बसले. बाणाकडे हात गेला की दिली एक बोटांवर.

तोंडी परीक्षा आमच्याकडे कुणीही बसून ऐकू शकतं. खिडकी बंद केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. परीक्षक प्रोफेसर स्तोइल्कोविच इथेच शिकत असताना त्यांना पहिल्यांदा वायर सोलायला हिनेच शिकवलं होतं. एरवी ते तिला ल्युबिन्काताई म्हणतात. आज नुसतं म्हणाले, "चिठ्ठी उचला."

तिने शकुन म्हणून डाव्या हाताने प्रश्नाची चिठ्ठी उचलली आणि फळ्यावर आकृती काढली. एक बॅटरी सहा व्होल्टची, एक बारा व्होल्टची, दोघींचं प्लस वरच्या बाजूला. प्रत्येकीला एकेक ओहमचा रेझिस्टर, आणि दोघी मिळून चार ओहमच्या एका रेझिस्टरला जोडलेल्या. तिन्ही वाटांमधला करंट काढायचा. दोन्ही बॅटऱ्यांमधून करंट बाहेर येतो असं धरून तिने बाण काढले. खडू भराभर चालला. मोठ्या बॅटरीचे चार अँपिअर आले. मग लहानीचं उत्तर आलं, मायनस दोन.

तिचा हात बाणाकडे गेला. देवा! माझ्याजवळ पट्टी नव्हती.

हात तिथेच थांबला.

"काय झालं?" प्रोफेसर म्हणाले.

"मायनस आलं."

"मग? बॅटरी करंट देते. तुमचा बाण चुकला असेल, सुधारा."

"नाही सर. बाण नाही पुसणार." तिने हात खाली घेतला. "मी धरला त्याच्या उलट करंट आहे, एवढंच मायनस सांगतंय. मोठी बॅटरी लहानीत करंट घुसवतेय. लॅबमध्ये पोरं चुकून असं जोडतात ना, तेव्हा लहानी तापते. कितीदा हात भाजलाय माझा! वरच्या जोडावर बघा, चारातून दोन गेले, दोन उरले. चार ओहममधून तेवढेच जातात."

स्तोइल्कोविचांनी चष्मा काढून पुसला. मग आमच्याकडे सगळेच मास्तर विचारतात तसं विचारलं, "आठवर समाधान आहे?"

पास व्हायला दहापैकी सहा पुरतात. मी मनात ओरडले, घे गं बाई, आठ घे आणि पळ! 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तो चुकला तर हातचेही जातात.

"नाही," ल्युबिन्का म्हणाली. "पुढचं विचारा."

बाजारात बटाट्याचा भाव चार दिनारांनी खाली आणायला लाजणारी बाई ही!

"मोठ्या बॅटरीतून निघालेली वॉट न् वॉट कुठे गेली, दाखवा."

तिने खडू बदलला. बारा व्होल्ट गुणिले चार अँपिअर, अठ्ठेचाळीस वॉट निघाले. सोळा तिच्याच रेझिस्टरमध्ये तापले, सोळा चार ओहममध्ये, चार लहानीच्या रेझिस्टरमध्ये. झाले छत्तीस. ती पुन्हा आकृतीकडे वळली. पुढच्या बाकावरचा एक पोरगा हसला. त्याला कच्चा खावा असं वाटलं मला.

"आणि बारा," ल्युबिन्का सावकाश म्हणाली, "लहान बॅटरी चार्ज करण्यात. सहा गुणिले दोन. अठ्ठेचाळीस."

तिने खाली जाड रेघ ओढली. स्तोइल्कोविच उठून उभे राहिले, उभ्यानेच तिच्या गुणांच्या पुस्तिकेत दहा लिहिले आणि ती दोन्ही हातांनी तिला दिली. या माणसाने वर्षभरात कुणाला दहा दिलेले मी नोंदवले नव्हते. मी बाकावर बसून भोकाड पसरलं, लाज वाटली नाही.

मग धावत जाऊन खिडकी उघडली. एव्हाना बाहेर अकरा पोरांची रांग लागली होती. सगळ्यांच्या मागे ल्युबिन्का, निळा कोट घातलेला, पुस्तिका छातीशी धरलेली. एरवी ती मागच्या दाराने आत येते आणि माझ्या खुर्चीवर बसून कॉफी पिते.

"अगं, तिथे काय करतेस? आत ये, पुस्तिकेवर लगेच शिक्का मारते!"

"नको," ती म्हणाली. "मी रांगेत आहे."

मी एकेकाचा कागद घेतला, नीट वाचला, नीट शिक्का मारला. मुद्दाम घाई केली नाही.